माशी डसली की तीन घड्याळं सुरू होतात

नागपुरात कूलर लागले की माश्याही येतात. एप्रिल-मेमध्ये डबकी आटतात, पोळं थंड ठेवायला मधमाश्यांना पाणी लागतं, आणि ओली खस म्हणजे त्यांच्यासाठी पाणवठाच. त्याच कूलरच्या स्टँडखाली, सावलीत, गांधीलमाशीचं कागदासारखं घरटं लटकलेलं असतं. टाकीत पाइप सोडायला हात घातला की डंख बसतो. मग कुणी पानठेल्यावरून चुना आणायला धावतं, कुणी लोखंडाची चावी घासतं, कुणी तुळशीतली माती लावतं. या धावपळीत पहिलं मिनिट जातं, आणि मधमाशीच्या डंखात हाताने करण्यासारखं जे काही असतं ते त्याच मिनिटात करायचं असतं.

डंख एकसारखाच दिसला तरी त्यातून तीन वेगळे त्रास होऊ शकतात आणि तिघांची घड्याळं वेगवेगळी आहेत. कातडीत रुतलेला काटा सेकंदांत विष सोडून मोकळा होतो. अ‍ॅलर्जी उसळली तर मिनिटांत जिवावर बेतते. आणि एकाच वेळी खूप माश्या डसल्या तर विषाचा खरा परिणाम काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, लघवीच्या रंगात दिसतो. लोक मात्र घाबरतात ते सुजेला, जी बहुतेक वेळा आपोआप उतरते. उलट डंखानंतर चक्कर आली तर ‘भ्यायला असेल’ म्हणून पाणी पाजून बसवून ठेवतात. ही अदलाबदल महागात पडते.

डसलं कोण?

विदर्भात सगळ्यांत धोक्याची मधमाशी म्हणजे आग्या. वड-पिंपळाच्या फांदीला, पाण्याच्या टाकीखाली, उंच इमारतीच्या सज्जाला तिचं एकच मोठं, उघडं पोळं लटकतं. ते मीटरभर रुंद असू शकतं आणि त्यावर हजारो माश्या थर करून बसलेल्या असतात. सातेरी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत राहते. फुलोरी अगदी लहान, तिचं तळहाताएवढं पोळं झुडपात सापडतं. भिंतीच्या भेगेतून मेणाची नळी काढून राहणाऱ्या पोयाच्या माशीला डंखच नसतो, तिला मारण्याचं काहीच कारण नाही.

गांधीलमाशी सडपातळ, बारीक कमरेची, तपकिरी-पिवळी. उडताना तिचे लांब पाय खाली लोंबतात. लाकडाचा चोथा चावून ती खिडकीच्या छज्जाला, ग्रिलला, एसीच्या बाहेरच्या पेटीमागे घर बांधते. भिंतीवर मातीची मडकी करणारी कुंभारमाशी सहसा कुणाच्या वाटेला जात नाही.

डंख म्हणजे अंडी घालण्याच्या अवयवाचं बदललेलं रूप, म्हणून डसते ती मादीच. मधमाशीच्या काट्याला मासे धरायच्या गळासारखे उलटे दाते असतात. तो माणसाच्या कातडीत अडकतो, माशी उडताना तिच्या पोटापासून तुटतो आणि ती मरते. पण तुटलेल्या काट्यासोबत विषाची पिशवी, तिचे स्नायू आणि मज्जातंतूंची गाठही मागे राहते. माशी गेल्यावरही हा पंप चालूच असतो. बहुतेक विष पहिल्या २० सेकंदांत आणि उरलेलं मिनिटभरात आत जातं. गांधीलमाशीचा काटा जवळजवळ गुळगुळीत असतो, त्यामुळे ती तो काढून घेते आणि पुन्हा पुन्हा डसू शकते. म्हणून कातडीत काळा काटा आणि त्याच्या टोकाला पांढरट थेंबासारखी पिशवी दिसली तर ती मधमाशी, हे नक्की. ही नोंद ठेवाच. पुढे अ‍ॅलर्जीची तपासणी करायची वेळ आली तर मधमाशी आणि गांधीलमाशी यांची विषं वेगळी मोजली जातात.

पहिलं मिनिट आणि पहिला तास

काटा दिसला की लगेच काढा. नखाने खरवडा, एटीएम कार्डाची कड फिरवा, नाहीतर सरळ चिमटीत धरून उपटा. ‘चिमटीत धरू नका, पिशवी दाबली जाते’ हा सल्ला पिढ्यान् पिढ्या दिला जातो, पण तपासून पाहिल्यावर पद्धतीने फरक पडत नाही, उशिराने पडतो, असं दिसलं आहे. चिमटा शोधायला घरात गेलात तर चिमटा सापडेपर्यंत विष आत गेलेलं असेल. अंगात रुतलेल्या काट्यातून पिकलेल्या केळ्यासारखा वासही सुटतो. हा मधमाश्यांचा धोक्याचा इशारा असतो आणि तो दुसऱ्या माश्यांना तिथेच बोलावतो. म्हणून जवळ पोळं असेल तर काटा काढत उभं राहू नका, आधी तिथून निघा.

त्यानंतर साबण आणि पाण्याने धुवा. हाताला डंख असेल तर अंगठी, बांगड्या, घड्याळ आणि पायाला असेल तर जोडवी, पैंजण तेव्हाच काढा. दोन तासांनी सूज चढली की अंगठी कापावी लागते. बर्फ रुमालात गुंडाळून १०-१५ मिनिटं धरा, थोडा वेळ थांबून पुन्हा धरा. मोठ्या माणसाला दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम आणि खाजेसाठी सेट्रिझिन १० मिलिग्रॅमची एक गोळी पुरते. मुलांना पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं: एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या मुलाला ३०० मिलिग्रॅम. खाजेवर कॅलामाइन लावता येतं.

आता चुन्याबद्दल. समजूत अशी की मधमाशीचं विष आम्लधर्मी, म्हणून चुना किंवा खायचा सोडा, आणि गांधीलमाशीचं अल्कधर्मी, म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर. दुखतं ते आम्लामुळे नाही. विषात मुख्यतः प्रथिनं असतात आणि ती सुईने दिल्यासारखी कातडीखाली गेलेली असतात. वरून लावलेलं काहीही तिथवर पोचत नाही. चुना मात्र स्वतः दाहक आहे. तो कातडी भाजतो, आणि पापणीजवळच्या डंखाला लावलेला चुना डोळ्यात गेला तर बुबुळाची कायमची हानी होऊ शकते. लोखंड घासल्याने तुटका काटा आणखी आत जातो, कातडी सोलली जाते. माती आणि शेण यांतून जंतू आत जातात. डंखाच्या जागी चिरा देणं, तोंडाने विष ओढणं, रॉकेल लावणं, यांतलं काहीही करू नका.

सूज

दुखणं तासा-दोन तासांत ओसरतं, लाली आणि सूज एखाद्या दिवसात. पण काहींना मनगटावर डंख बसला तर कोपरापर्यंत हात सुजतो. सूज १० सेंटिमीटरच्या वर पसरते, २४ ते ४८ तासांत सर्वांत जास्त होते आणि पूर्ण उतरायला ५ ते १० दिवस घेते. लाल, गरम, टणक हात बघून ‘पू झाला’ असं वाटतं आणि अँटिबायोटिक सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांतली अशी सूज ही बहुधा त्या जागेपुरती अ‍ॅलर्जी असते, अँटिबायोटिकचा तिथे काही उपयोग नाही. हात उशीवर उंच ठेवा, बर्फ आणि सेट्रिझिन चालू ठेवा. सूज फार असेल तर डॉक्टर तीन-चार दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या देऊ शकतात. संसर्ग ओळखायचा तो उलट्या क्रमावरून: सूज कमी होऊ लागली होती, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा दुखणं वाढलं, ताप आला, पू दिसला.

पापणीवर डंख असेल तर डोळा मिटेपर्यंत सुजतो, बघणाऱ्याला धडकी भरते, पण उतरतो. डंख बुबुळावर असेल, डोळ्यात सतत खुपत असेल किंवा धूसर दिसत असेल तर डोळा न चोळता नेत्रतज्ज्ञ गाठा. तोंडातला किंवा घशातला डंख हा अ‍ॅलर्जी नसतानाही धोकादायक, कारण सूज श्वासाच्या वाटेवरच येते. रसवंतीवर माश्या घोंघावत असतात, उसाच्या रसाच्या पेल्यात एखादी पडलेली असते, आणि घोट घेताना ती जिभेला डसते. अशा वेळी बर्फाचा खडा चघळत ताबडतोब दवाखान्यात जा, सूज वाढते का ते घरी बघत बसू नका.

मिनिटांचं घड्याळ

अ‍ॅलर्जीत माशीचं विष किती गेलं याला महत्त्व नसतं, एक डंखही पुरतो. आधीच्या एखाद्या डंखानंतर शरीराने त्या विषाविरुद्ध खास प्रतिपिंडं तयार करून ठेवलेली असतात. पुढच्या डंखाला ती खवळतात आणि अंगभरच्या पेशींतून हिस्टामिनसारखी रसायनं एकदम सुटतात. रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब कोसळतो, श्वासनलिका आवळतात. म्हणून ‘मला लहानपणापासून माश्या चावतात, काही होत नाही’ ही खात्री पुढच्या डंखाला लागू होतेच असं नाही.

सुरुवात बहुधा ५ ते ३० मिनिटांत होते. अंगभर गांधी उठतात, तळहात, तळपाय आणि डोकं खाजतं, डंख पायाला असून ओठ-जीभ सुजतात, आवाज घोगरा होतो, घशात काही अडकल्यासारखं वाटतं, छातीत घरघर, पोटात कळ, उलटी, डोळ्यांपुढे अंधारी. डंखापासून दूरच्या भागात काही सुरू झालं, म्हणजे त्रास सगळ्या शरीराचा झाला, हे लक्षात ठेवायचं. काहींना गांधी उठतच नाहीत, थेट रक्तदाब पडतो आणि माणूस पांढराफटक होऊन खाली बसतो. जिवावर बेतलेल्या घटनांत श्वास किंवा हृदय थांबायला बऱ्याचदा पाव तासही पुरलेला असतो.

यावर औषध एकच, अ‍ॅड्रेनालिन. १ मिलीच्या ॲम्प्यूलमध्ये १ मिलिग्रॅम असतं. मोठ्या माणसाला त्यातलं ०.५ मिली, मुलांना किलोमागे ०.०१ मिली, जास्तीत जास्त ०.३ मिली. इंजेक्शन मांडीच्या मध्यावर, बाहेरच्या बाजूला, स्नायूत द्यायचं. फरक पडला नाही तर ५ ते १५ मिनिटांनी पुन्हा. दिल्यावर हात थरथरतात, छाती धडधडते. ते अपेक्षितच असतं आणि थोड्या वेळात थांबतं. हे आकडे इथे दिलेत ते घरी सुई टोचण्यासाठी नाहीत. नातेवाइकाला दवाखान्यात विचारता यावं, ‘अ‍ॅड्रेनालिन दिलं का?’, यासाठी दिलेत. अ‍ॅलर्जीचं आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन टोचून सलाइन लावून वाट बघणं, ही सर्रास होणारी चूक आहे. अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन खाज आणि गांधी कमी करतं, स्टेरॉइडला काम करायला काही तास लागतात. पडलेला रक्तदाब आणि आवळलेला श्वास ही दोन्ही इंजेक्शनं वेळेत सोडवत नाहीत.

नेमकं कुठे जायचं, याबद्दल आग्रहाने सांगावंसं वाटतं. शहरात मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स अशी मोठी सरकारी रुग्णालयं आहेत. पण सहल रामटेकला गेली असेल आणि तिथे एखाद्याचा आवाज घोगरा झाला, तर नागपूर तासाभराच्या अंतरावर आहे. तेवढा वेळ हातात नसतो. वाटेतलं पहिलं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. बाळांचं लसीकरण जिथे होतं तिथे अ‍ॅड्रेनालिन ठेवावंच लागतं. ते घेऊन मग पुढे जा.

तोवर १०८ ला फोन करा आणि रुग्णाला आडवं झोपवा, पाय उशीवर किंवा बॅगेवर उंच. श्वास लागत असेल तर टेकून बसू द्या, उलटी होत असेल तर कुशीवर वळवा, गर्भवतीला डाव्या कुशीवर. त्याला उभं करू नका, चालवू नका. रक्तदाब पडलेला असताना माणूस झटकन उभा राहिला तर हृदयाकडे रक्तच परत येत नाही आणि ते थांबू शकतं. दुचाकीवर दोघांच्या मध्ये धरून बसवून नेणं म्हणूनच धोक्याचं. चारचाकीची मागची सीट किंवा ऑटोत आडवं करून नेणं बरं. रुग्ण रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल, एटेनोलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल घेत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, या गोळ्यांमुळे अ‍ॅड्रेनालिनचा असर कमी पडतो. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यातच थांबायचं, कारण त्रास उलटून येऊ शकतो.

मोहोळ उठलं तर

फळबागा फुलतात, मग पळस आणि मोह फुलतो, तसं आग्या मोहोळांचं प्रमाण वाढतं. ती विनाकारण उठत नाहीत. कुणी दगड मारतं, खाली धूर होतो, मांजा किंवा फांदी पोळ्याला घासते. कधी मधुबाज हा शिकारी पक्षी पोळ्यावर झडप घालतो आणि चिडलेल्या माश्या खालच्या माणसांवर तुटून पडतात.

एकटी माशी भोवती फिरत असेल तर हात झटकू नका, शांतपणे बाजूला व्हा. मोहोळ उठलं तर मात्र स्तब्ध उभं राहणं किंवा खाली बसणं घातक आहे. ओढणी, शर्ट, जे मिळेल त्याने डोकं आणि चेहरा झाका, डोळ्यांपुरती फट ठेवा, लहान मुलाला उचला आणि सरळ पळत सुटा. आग्या काहीशे मीटर पाठलाग करतात. पक्की खोली किंवा काचा बंद केलेली गाडी गाठा. दोन-चार माश्या सोबत आत आल्या तरी चालेल. फुटाळा किंवा अंबाझरीच्या काठी असाल तरी पाण्यात उडी नको, माश्या वरच घिरट्या घालत राहतात आणि श्वासासाठी डोकं वर काढलं की तोंडावर डसतात.

आत पोचल्यावर एकाने भराभर काटे काढावेत आणि मोजावेत. निदान अंदाज सांगता आला पाहिजे: १०, ५०, की २०० च्या वर. इथे प्रश्न अ‍ॅलर्जीचा नसून विषाच्या मात्रेचा असतो. विषातलं मेलिटिन हे प्रथिन पेशींच्या आवरणाला भोकं पाडतं. तांबड्या पेशी फुटतात, स्नायू झिजतात, आणि त्यांतून निघालेला मळ गाळता गाळता मूत्रपिंडं तुंबतात. मोठ्या माणसाला ५० च्या वर डंख झाले असतील तर तो हसत-बोलत असला तरी दवाखान्यात दाखल करा. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांच्यासाठी ही रेषा बरीच खाली. मोठ्या गांधीलमाश्यांचे २०-३० डंखही मूत्रपिंडाला जड जातात.

या रुग्णाच्या लघवीवर लक्ष ठेवायचं. ती कोऱ्या चहासारखी किंवा कोकमासारखी गडद झाली, कमी झाली, अंग फार दुखू लागलं, तर वाट बघू नका. रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचं माप), पोटॅशियम, सीपीके (स्नायू झिजल्याचं माप) आणि हिमोग्लोबिन तपासतात, आणि पहिला रिपोर्ट चांगला आला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावं लागतं, कारण बिघाड उशिरा दिसतो. दुखण्यासाठी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन किंवा आयब्युप्रोफेनची गोळी इथे नको, ती मूत्रपिंडावर आणखी ताण आणतात. पॅरासिटामॉल चालतं. सर्पदंशावर मिळतं तसं प्रतिविष मधमाशीसाठी दवाखान्यात नसतं. वेळेवर भरपूर सलाइन आणि गरज पडली तर काही दिवस डायलिसिस हाच उपचार, आणि त्याने बहुतेकांची मूत्रपिंडं पुन्हा काम करू लागतात.

घर, आणि पुढचा डंख

इमारतीवरचं पोळं टेंभा लावून जाळू नका. माश्या अंधारातही खाली उतरतात आणि दुसऱ्या दिवशी चिडलेल्या उरतात. पोळं हलवण्याचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाला बोलवा. पोळं उंचावर असेल आणि खाली वर्दळ नसेल तर फुलोरा संपल्यावर आग्या स्वतःच निघून जातात. तोवर त्या बाजूचे दिवे रात्री बंद ठेवा. आग्या उजेडाकडे येतात, ट्यूबलाइटखाली मरून पडतात, आणि मेलेल्या माशीचा काटाही अनवाणी पायात रुततो. सकाळी आधी झाडू फिरवा. कूलरमध्ये पाणी भरण्याआधी स्टँडच्या खालून आणि मागून एकदा बघून घ्या.

ज्याला एकदा अंगभर अ‍ॅलर्जी झाली, त्याला पुढच्या डंखाला ती पुन्हा होण्याची शक्यता बरीच मोठी असते. चार ते सहा आठवड्यांनी अ‍ॅलर्जी-तज्ज्ञांकडे तपासणी करून घ्या. त्याआधी केलेली त्वचेची चाचणी फसवू शकते. विषाचेच अगदी थोडे, वाढत जाणारे डोस देऊन शरीराला सवय लावण्याचा उपचार आहे. तो ३ ते ५ वर्षं चालतो आणि चांगलं संरक्षण देतो. शेतात, बागेत, जंगलात काम करणाऱ्याने डॉक्टरांकडून शिकून अ‍ॅड्रेनालिनची ॲम्प्यूल आणि १ मिलीची सिरिंज सोबत बाळगावी, आणि ती कशी भरायची ते घरच्या एकाला तरी यावं. औषध २५ अंशांखाली, अंधारात ठेवायचं. ४५ अंशांच्या उन्हात उभ्या गाडीच्या कप्प्यात ते महिनाभर राहिलं तर ऐन वेळी दगा देईल. शेतावर नेताना ते ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात, सावलीत ठेवा, आणि द्रव गुलाबी किंवा तपकिरी दिसला तर त्याच दिवशी नवीन आणा.